भिकुबाईची मळई

करंजटेकच्या लोकांना पूर चढताना भीती वाटत नसे. वाटे ती पूर उतरताना. गाव तापीच्या उंच दरडीवर. पाणी कितीही फुगलं तरी उंबऱ्याला लागायचं नाही. पण नेमकं तिथेच नदीला वळण होतं, आणि धारेचा सगळा दणका गावाच्या बाजूला बसायचा. पाणी दरडीचा पायथा कुरतडत राही. पूर भरलेला असेतो दरडीला पाण्याचाच टेकू असे. पाणी खाली गेलं की टेकू निघे, आणि आतून भिजून जड झालेली माती आपल्याच ओझ्याने खाली येई. आधी वर एक भेग पडे, बोट जाईल एवढी. मग पायाखाली कुणीतरी दात खावेत तसा आवाज. मग वावर जाई.

समोरच्या काठाला बुधगव्हाण. तिथला काठ उतरता आणि पाणी संथ. इकडून उचललेली माती नदी तिकडे टाकायची. करंजटेकचे म्हातारे चिडून म्हणत, "तापीमाय आमना ताटमाधलं काढस आनि बुधगव्हाणले वाढस."

भिकुबाई बुधगव्हाणची लेक आणि करंजटेकची सून. थोरल्या भावाच्या, लोटनच्या पाठची दोन मुलं दगावली, तेव्हा हिचं नाव भिकू ठेवलं. देवाकडून भीक मागून आणलेली. सासरच्या अंगणात उभं राहिलं की तिला माहेरच्या चुलीचा धूर दिसे. तिच्या बरोबरीच्या सुना हेवा करत. भिकुबाई म्हणे, धूर दिसतो म्हणून भाकर मिळते का? पण मनातून ती खूश असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी न्यायला लोटन स्वतः नथ्थू भोयाची नाव घेऊन यायचा आणि काठावरून अशी हाक मारायचा, की अख्ख्या करंजटेकला कळावं, भिकीचा भाऊ आला. बाप गेला तेव्हा त्याने तलाठ्यासमोर तिचा अंगठा घेतला. बापाच्या शेतातला हिस्सा तिने सोडला आणि लुगडं घेऊन आली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच बहिणी सोडत.

नवरा झुलाल अंगापिंडाने दांडगा, रागाचा भडका आणि हसण्याचाही. त्यांचं वावर दरडीच्या अगदी तोंडाशी, काठावर मोठा निंब. दर पावसाळ्यानंतर झुलाल काटेरी कुंपण मागे घ्यायचा. एका वर्षी दोन पावलं, एका वर्षी अर्धं वावर. कुंपण उपटताना तो नदीला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, आणि संध्याकाळी तिलाच हात जोडायचा.

चौऱ्याऐंशीच्या भाद्रपदात पूर आला, फुगला आणि उतरला. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. निंबाखाली पाण्याचं इंजिन होतं, ते मागे ओढून घ्यावं म्हणून झुलाल बैलजोडी घेऊन गेला. भिकुबाई भाकरी घेऊन मागून येत होती. तिने लांबूनच पाहिलं, निंबाच्या अलीकडे जमीन उघडली होती. बैल पुढे जाईनात, माना झटकत होते. झुलाल त्यांच्या पाठीवर कोरडे ओढत होता.

"मांगे फिरा!" ती ओरडली. "अहो, मांगे फिरा!"

त्याने वळून पाहिलं. हसला, असं तिला नंतर कायम वाटत राहिलं. मग निंब हलला. वारा नव्हता, तरी शेंड्यापासून थरथरला, आणि जसाच्या तसा उभा, मुळांसकट, मातीसकट, खाली जाऊ लागला. बैलांचा हंबरडा अर्ध्यात तुटला. धुळीचा लोट वर आला आणि नदीचं पाणी उसळून दरडीच्या वरपर्यंत थडकलं. भिकुबाईच्या पायांपासून हातभर अंतरावर आता काहीच नव्हतं. खाली गढूळ पाण्यात एका बैलाचे पाय वर आले, फिरले आणि गेले.

झुलाल सापडला नाही. नथ्थूने गळ टाकून पार खालच्या गावांपर्यंत नदी धुंडाळली. इंजिनही नाही, माणूसही नाही. निंब मात्र सापडला. वाहत जाऊन तो बुधगव्हाणच्या उथळ पाण्यात आडवा रुतून बसला होता, मुळं आभाळाकडे करून.

पुढच्या पावसाळ्यात त्या निंबाच्या आडोशाला वाळू साचली. त्याच्या पुढच्या वर्षी वाळूवर गाळ. झाऊची झुडपं उगवली, त्यांनी आणखी गाळ धरला. करंजटेकच्या दरडीवर उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात मूग निंदताना भिकुबाई मान वर करी आणि समोर बघत राही. पाण्यातून जमीन वर येत होती. आधी म्हशीच्या पाठीएवढी, मग खळ्याएवढी, मग वावराएवढी. अशा नदीने घातलेल्या जमिनीला तिकडे मळई म्हणतात. तिच्यावर काही पेरा, हात लावाल तिथे येतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर भिकुबाईने दहा वर्षांच्या लेकीला, ताईबाईला, सोबत घेतलं, टरबुजाच्या बियांची पुरचुंडी कमरेला खोचली आणि नथ्थूला म्हणाली, "मळईवर सोड."

नथ्थूने विचारलं, "लोटनभाऊले इचारं का?"

"नदीनी इचारं का माले?" ती म्हणाली.

तिने निंबाच्या बुंध्याजवळ झाऊची झोपडी घातली. खड्डे केले, शेणखत भरलं, वेल लावले. लोटन काठावर येऊन बघून गेला. मनाशी म्हणाला, रंडकी बहीण आहे, एक हंगाम खाईल. त्याची बायको वच्छलाबाई तर दोन-तीनदा ताक घेऊन आली. वेल पसरले आणि चैत्रात टरबुजं अशी धरली की नथ्थूच्या नावेला खेपांवर खेपा कराव्या लागल्या. चोपड्याच्या बाजारात लोक विचारू लागले, हा माल कुठला?

तिथून बिनसलं. दुसऱ्या वर्षी मळई आणखी वाढली आणि लोटनच्या शेताला येऊन भिडली. आता पाण्यातून न जाता कोरड्या पायाने जाता येई. तलाठ्याने लोटनला सांगितलं, काठाला लागून आलेली जमीन काठवाल्याची. लोटन सांगायला आला तेव्हा भिकुबाई पाणी घालत होती. तिने घागर खाली ठेवली नाही.

"हाई मळई मना वावरले लागेल शे, भिकी," तो म्हणाला. "एक साल खादं, दोन साल खादं. आते पुरे."

"मना वावरमाईन उनेल माती शे हाई," ती म्हणाली. "तुना वावरमा आपोआप उगनी का?"

"कायदा शे."

"मंग कायदाले सांग, मना वावर वापस दे."

आखाजी आली. बुधगव्हाणच्या घराघरात सासुरवाशिणी आल्या, झाडांना झोके बांधले, गाण्यांचा आवाज मळईपर्यंत येत होता. लोटनची हाक आली नाही. भिकुबाईने लेकीसाठी झोपडीच्या आढ्याला दोर टांगला आणि तोंड फिरवून बसली.

एकोणनव्वदच्या चैत्रात, फळं मुठीपेक्षा मोठी झालेली असताना, लोटन सकाळी नांगर घेऊन उतरला. वेलांवरूनच नांगर घातला. कोवळी फळं फाळाखाली फुटत होती, फिकं पाणी नांगराच्या तासातून वाहत होतं. भिकुबाई झोपडीतून धावत सुटली आणि बैलांच्या पुढे आडवी झाली. तिने वेसण धरली. बैल बुजले, मागे सरले, नांगर उलटला.

"सोड!" लोटन गरजला.

"नई सोडाव."

त्याच्या हातात पराणी होती, बैल टोचायची काठी, टोकाला लोखंडी आर. त्याने काठी उलटी धरून पहिला फटका तिच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तरी दुसऱ्या हाताने तिने वेसण धरूनच ठेवली. दुसरा फटका पाठीवर, तिसरा खांद्यावर. ती गुडघ्यांवर आली. ताईबाई झोपडीच्या दारात किंचाळत होती. लोटनचं तोंड ओळखू येत नव्हतं, इतकं ते वाकडं झालं होतं. त्याने तिच्या केसांना धरून तिला तासातून ओढलं, फुटक्या फळांच्या चिखलातून, आणि म्हणाला, "तुना नवरा मरना त्यामा मनी काय चूक शे?"

तेव्हा भिकुबाई उठली. लग्नापासून त्या दिवसापर्यंत तिने नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. उखाण्यातही चोरून घेतलेलं. ती सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली, "झुलालनी माती शे हाई! झुलाल शे हाईमा!" आणि पराणीचं बोथट टोक तिच्या चांगल्या हातात आलं; आर त्याच्या बाजूला होती. दोघं ओढू लागले. तो ओढत होता, ती ओढत होती, आणि मग तिने ओढणं सोडून एकदम पुढे लोटलं.

आर त्याच्या डाव्या डोळ्यात गेली.

लोटन मटकन खाली बसला, दोन्ही हात तोंडावर धरून, आणि बोटांमधून रक्त कोपरांपर्यंत आलं. भिकुबाईने पराणी नदीत भिरकावली. पदर फाडला, त्याच्या डोक्याला बांधू लागली. त्याने तिला कोपराने ढकललं. नथ्थू धावत आला, त्याने लोटनला खांद्यावर घेतलं. गाडीने चोपड्याला, तिथून धुळ्याला मोठ्या दवाखान्यात. डोळा काढावा लागला.

आठवड्याने लोटन परतला. पाठोपाठ जमादार आला. कुणीतरी वर्दी दिली होती. लोटनच्या ओट्यावर बाज टाकली, गाव जमलं. भिकुबाईला कुणी बोलावलं नव्हतं. मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, तशीच ती आली आणि गर्दीतून थेट जमादारासमोर उभी राहिली.

"मीच मारं," ती म्हणाली. "लई चाला माले." तिने चांगला हात बेडीसाठी पुढे केला.

जमादाराने लोटनकडे पाहिलं. "काय हो लोटनभाऊ, बाई काय म्हणते?"

लोटनच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. तो उरलेल्या डोळ्यानेही तिच्याकडे बघत नव्हता. "बैलाचं शिंग लागलं," तो शुद्ध बोलीत म्हणाला, कचेरीत बोलावं तसं. "बैल बुजला. नांगर धरताना माझंच लक्ष नव्हतं."

"खोटं बोलतोय तो!" जमादाराला कळावं म्हणून भिकुबाईही शुद्धच बोलली. "पराणी मारली मी. हे बघा माझा हात. हा त्याने मोडला, म्हणून मी मारली."

"बाई खुळी आहे साहेब," लोटन म्हणाला. "नवरा गेल्यापासून अशीच बरळते. तिचं मनावर घेऊ नका."

वच्छलाबाई दारात उभी होती, तिने तोंडात पदर कोंबला. जमादाराने चहा घेतला आणि तो गेला.

भिकुबाई मळईवर परत आली. तुरुंग चुकला होता. पण तिला असं वाटत होतं, की भावाने सगळ्या गावासमोर तिच्या तोंडात माती कोंबली. त्याने तिला वाचवलं, की बहिणीच्या हातून डोळा गेला ही लाज झाकली? तिला कळेना. रात्री ताईबाई झोपल्यावर ती मोडका हात मांडीवर घेऊन बसे आणि तोच प्रश्न उलटापालटा करी. त्याला जाऊन विचारावं तर त्याने तिच्याकडे बघणंच टाकलं होतं. मळईवर तो परत आला नाही. नांगर तिथेच उलटा पडून होता. पुढच्या पुराने नेला.

अशी वर्षं गेली. भिकुबाईचं मनगट वाकडं जुळलं. पावसाळ्यात ती करंजटेकला, पाणी उतरलं की मळईवर. ताईबाईचं लग्न तिने पारोळ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी करून दिलं. मामाने लग्नात उभं राहायचं असतं, तिथे नथ्थू भोई उभा राहिला. लोटनने त्या दरम्यान आपल्या काठच्या शेतात केळी लावली. बाग चांगली आली. नदी त्याला देतच आली होती, ती घेईल असं त्याच्या मनातही नव्हतं.

पण तापीची वळणंही बदलतात. मळई वाढत वाढत इतकी पुढे आली, की धारेला तिचाच अडथळा होऊ लागला. चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात जो पूर आला, त्याने तो अडथळा जुमानला नाही. सातपुड्यात चार दिवस पाऊस कोसळत होता. भिकुबाई लवकर पिकणाऱ्या काकडीच्या नादाने त्या वर्षी पावसाळ्यातही मळईवर राहिली होती. सकाळी पाण्याचा रंग बदललेला पाहिला, तशी तिने शेळ्या सोडल्या आणि गुडघाभर पाण्यातून बुधगव्हाणच्या काठावर आली. दुपारपर्यंत झोपडी गेली. झाऊ गेले. निंबाचं खोड, जे दहा वर्षं हललं नव्हतं, ते एकदा उभं राहिलं, पाण्यात बुडालेला माणूस हात वर करतो तसं, आणि धारेला लागलं. पाण्यातून घरांची छपरं वाहत होती, जिवंत गुरं, आख्खी केळीची झाडं. मळई आणि लोटनचं शेत यांच्या मधल्या सखल जागेतून नदीने नवी वाट फोडली होती, आणि तिथून ती अशी घोंगावत निघाली होती की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे.

पूर दुसऱ्या दिवशी उतरला. ऊन पडलं. गाव काठाकडे बघायला निघालं. मळई होती, उलट आधीपेक्षा उंच होती. पण तिच्यावर कमरेएवढी भरड वाळू आणि गोटे चढले होते, गाळाचा काळा कण दिसत नव्हता. आणि तिच्या अलीकडे, जिथे काल उतरता काठ होता, तिथे सरळ उभी दरड तासली गेली होती. अगदी करंजटेकसारखी.

बुधगव्हाणच्या माणसांनी आपल्या काठाला दरड पाहिलीच नव्हती कधी. त्यांना उतरत्या पुराची भीती ठाऊक नव्हती. लोटन केळीच्या बागेत शिरला आणि काठाच्या रांगेकडे चालू लागला, वाकलेले केळीचे खांब हाताने सरळ करत. भिकुबाई शेळ्या घेऊन बांधावर उभी होती. तिला भेग दिसली. तो चालत होता त्याच्या डाव्या हाताला, केळीच्या ओळींमधून, काळ्या रेघेसारखी, पुढे त्याच्या वाटेत वळत गेलेली. डाव्या बाजूचं लोटनला काही दिसत नसे.

"भाऊ!" ती ओरडली.

पाच वर्षांत पहिल्यांदा. त्याचे खांदे ताठ झाले. त्याने ऐकलं, हे तिला स्पष्ट दिसलं. पण तो वळला नाही. रागाने आणखी दोन पावलं पुढे टाकली, भेग ओलांडून.

मग तो आवाज आला, जमिनीने दात खाल्ल्याचा. भिकुबाई धावली. केळीची पानं तिच्या तोंडावर फाटत होती. तिने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. तो झिडकारू लागला, त्याचं कोपर तिच्या ओठावर बसलं आणि दात हलले. तिने वाकड्या मनगटाच्या हाताने त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की तो आडवा झाला. मग त्याला पायाला धरून ती मागे ओढू लागली, ओढतच राहिली, त्याचं धोतर सुटलं तरी. भेगेपलीकडची बाग झुकली. केळीच्या ओळी घडांसकट एकदम मान टाकून खाली गेल्या. जमिनीला असा हादरा बसला की दोघंही पुन्हा पडली. खालून पाणी उसळलं आणि चिखलाचा सडा त्यांच्या अंगावर पडला.

धूळ बसली तेव्हा लोटनचे तळवे कडेबाहेर होते. त्याने ते हळूच आत घेतले. भिकुबाई रक्त थुंकत होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग गालावर हात ठेवून म्हणाला, "आखो एकदा मारं माले?"

"मारं," ती म्हणाली. "आखो मारसू."

गाव धावत आलं. वच्छलाबाईने दोघांवर पाणी ओतलं आणि दोघांनाही शिव्या दिल्या. लोटन घरी जाऊन दोन दिवस पडून राहिला. भिकुबाईला वाटलं, आता हाक येईल. आली नाही. तेव्हा तिनेच त्याच्या ओट्यावर जाऊन, उभ्यानेच सांगितलं, "भाऊ, बापना वावरमा मना वाटा शे. तो दे. मळईवर आते मी काय खाऊ?"

"अंगठा दिधा ना तू," वच्छलाबाई आतून म्हणाली. "डोळा गया, बाग गयी, आते वावर बी दिऊत का?"

"अंगठा दिधा तव्हय माले नवरा व्हता," भिकुबाई म्हणाली.

लोटन उठून आत गेला. ती त्याच्या वरच्या शेताच्या कोपऱ्यात चार काठ्या रोवून राहिली. हिवाळा गेला. त्याने तिला हुसकलं नाही आणि दिलंही नाही. चैत्रात एका सकाळी त्याने स्वतः नांगर आणला आणि शेताच्या वरच्या टोकाला हद्दीची एक रेघ ओढली. रेघेच्या पलीकडचं तुझं, त्याने सांगितलं. ते होतं निव्वळ बरड. वीतभर माती, खाली मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडे.

"हाई का वाटा?" भिकुबाई कडाडली. "इतलामा तर बोकड्या बी चरावत नई!"

"बापनं हाईच शे," लोटन म्हणाला. "तुले माती पाह्यजे ना? खाले पडेल शे."

तिला वाटलं, हा टोमणा. मग ती उन्हाने आटलेली नवी धार ओलांडून मळईवर गेली आणि वाळू उकरून पाहिली. कमरेइतकी वाळू काढली तेव्हा कुदळीला ओलसर, काळी, दाट माती लागली. तिची माती खालीच होती, दडपलेली. नथ्थूची जुनी गाडी तिने मागून घेतली. बैल लोटनचे; विचारले नव्हते, सोडून आणले. तो ओट्यावरून बघत होता. "सांजले वापस आन," एवढंच म्हणाला.

पुढची वर्षं भिकुबाईने तेच केलं. उन्हाळाभर मळईत खड्डा पाडायचा, खालचा गाळ गाडीत भरायचा, दरड कापून केलेला चढ चढायचा आणि बरडावर पसरायचा. पावसाळ्यात नदी खड्डा पुन्हा वाळूने भरून टाके. ती पुन्हा उकरी. एकदा खड्ड्याची भिंत ढासळून ती छातीपर्यंत गाडली गेली, नथ्थूने काढलं. दुसऱ्या दिवशी बरगड्या बांधून ती परत खड्ड्यात. लोक म्हणत, बाई नदीशी भांडते. ती म्हणे, नदीला कुठे वेळ आहे माझ्याशी भांडायला. मी भांडते ते लोटनशी.

आणि ते खरंच होतं. बैलांवरून, बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून दोघांचं रोज वाजे. वच्छलाबाईचे कान किटले. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात भिकुबाईने बरडावर पहिल्यांदा कपाशी लावली. माती आता गुडघ्याएवढी झाली होती, पण सगळीकडे सारखी नव्हती. कडेची झाडं खुजी राहिली. पूर ओसरल्यावर लोटन आपल्या बाजूच्या बांधावर आला, चांगला डोळा बारीक करून ओळी न्याहाळत राहिला.

"तिकडली बाजूनी पिवळी पडनी," तो म्हणाला.

"तू तुनी दख," भिकुबाई म्हणाली, आणि गाळाची गाडी जुंपायला गेली.